अकरा सुरू आणि एक अक्रोड

ला रुसलिएर,
रविवार, २ नोव्हेंबर

प्रिय आबेल,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, नोटीसच ती! “ज्युदित, चौदा तारखेला तू सही केली नाहीस तर मी कोर्टात जाईन, घर लिलावात निघेल,” असं सख्ख्या बहिणीला लिहिताना हात कसा रे चालला तुझा? पण रागावले नाहीये मी. निम्मं घर तुझं आहे आणि बाबा गेल्यापासून सहा वर्षं तू गप्प बसलास, हे मी विसरलेले नाही. उत्तरेकडचं छप्पर मधोमध वाकलंय. तबेल्याची भिंत गेल्या हिवाळ्यात बसली. चोवीस खोल्यांपैकी मी दोनच गरम करते. अडुसष्टाव्या वर्षी शिडीवर चढून पन्हळीतला पाला काढते, तेव्हा पोस्टमन खालून ओरडतो, “मादमोझेल, पडलात तर पत्रं कुणाला देऊ?” घर विकायला माझी ना नाही. आजच्या आज विका. मला एवढंच हवंय की कबुतरखान्यामागच्या अक्रोडाला कुणी हात लावू नये. आणि घर घेणाऱ्या त्या बेल्जियन जोडप्याला नेमका तिथेच पोहायचा तलाव खणायचाय.

माणसं वाईट नाहीत ती. वान्देपुतबाई दातांची डॉक्टर आहे, घर बघताना प्रत्येक दाराला हात लावत होती. बागेतल्या भिंतीच्या आतल्या सुरूच्या झाडांपाशी आली आणि थबकली. “म्हणजे इथे खरंच माणसं पुरलीत? बागेत?” मी म्हटलं, “बाई, राजांच्या काळात कॅथलिक पाद्र्यांनी आमच्या प्रोटेस्टंट पंथाच्या मेलेल्यांना गावात जागा दिली नाही. मग आम्ही आमची माणसं आमच्याच मातीत ठेवली. दगड नाही, पाटी नाही. एका माणसामागे एक सुरू, झालं.” तिनं बोट नाचवत मोजले आणि तिचे डोळे भरून आले. नोटरी गातिनो सोबत होते. त्यांनी तिला समजावलं की खरेदीखतात नोंदलेली थडगी कायम आमचीच राहतात, तिथं कुदळ लावता येत नाही, आणि तिथवर जायची वाट आमच्या घराण्याला पिढ्यान् पिढ्या मोकळी असते. ती लगेच कबूल झाली. मग गातिनोंनी वहीतून मान वर करून मला विचारलं, “अकराच ना, मादमोझेल?”

मी म्हटलं, अकरा.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही, आबेल. दुसऱ्या दिवशी त्या बाईला फोन करून सांगितलं की अक्रोडाखाली साप आहेत. तिचा नवरा म्हणाला, “वा, आम्हाला प्राणी आवडतात.” मग सांगितलं, खाली झरा आहे, खड्डा ढासळेल. त्यानं इंजिनियर आणला, झरा निघाला नाही. मग म्हटलं, अक्रोडाच्या सावलीत झोपलं की डोकं फिरतं. त्यावर तो हसून म्हणाला, “झाडच काढणार आहोत ना आम्ही!” वेडी म्हातारी म्हणत असतील मला. म्हणोत. सही केली तर ते खणणार. नाही केली तर तू कोर्टात जाणार, लिलावात दुसरा कुणी घेणार आणि तोही खणणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिसरा मार्ग एकच आहे, तोंड उघडायचं. तेच एक्कावन्न वर्षांत जमलं नाही.

गेल्या मंगळवारी तो जुन्या लाकडी सामानाचा व्यापारी येऊन गेला. स्वयंपाकघरातलं कपाट बघून खूश झाला, आणि खालचा रिकामा कप्पा दिसल्यावर कपाळाला हात लावला. “पाचवा खण कुठंय हो? खणाशिवाय हे कपाट म्हणजे नुसतं जळण!” लहानपणी तूही असाच आईच्या मागे लागायचास. खण कुठं गेला, खण कुठं गेला. आई म्हणायची, उंदरांनी खाल्ला. तुला ते खरं वाटायचं आणि त्या भोकापुढं तू चीजचा तुकडा ठेवायचास, उंदरांनी खण परत आणून द्यावा म्हणून. मी व्यापाऱ्यालाही उंदरांचंच सांगितलं.

आणि आता त्या थपडेबद्दल. तू आजही प्रत्येक जेवणात ती गोष्ट रंगवून सांगतोस. ज्युदितनं मला एका काडीसाठी मारलं, पाच बोटं उमटली, मी सात वर्षांचा होतो! तुझी क्लोतिल्द हसते, मुलं हसतात, मीही हसते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार काय असतो ते मला विचार. ती काडी नव्हती, बाळा. हातभर अक्रोडाचं रोप होतं, मी आदल्याच आठवड्यात लावलेलं. तू चाबूक करायला म्हणून ते वाकवत होतास. इतक्या जोरात मी आयुष्यात कुणाला मारलं नाही. तू रडलासही नाहीस. फक्त विचारलंस, “हे कुणाचं झाड आहे?” आपल्याकडची मुलं असंच विचारतात ना, झाड दिसलं की कुणाचं? मी म्हटलं, कुणाचं नाही. चल, घरी चल.

त्याच्या आधीचा हिवाळा आठव. तुला सांगितलं होतं, ताईच्या छातीत पाणी झालंय, तिच्या खोलीत जायचं नाही. तू रोज दाराबाहेर भाजलेल्या चेस्टनटची वाटी ठेवून पळून जायचास. मी त्या सगळ्या खाल्ल्या. जगले ती त्यांच्यावरच. माझ्या छातीत काहीही झालं नव्हतं, आबेल. मी सतरा वर्षांची होते आणि मला दिवस गेले होते. तो कोण ते विचारू नकोस, तो केव्हाच वारला, त्याला कळलंसुद्धा नाही. फेब्रुवारीच्या एका सकाळी, तू शाळेत होतास तेव्हा, मुलगी झाली. ती रडली नाही. आईनं तिला उलटं धरलं, पाठीवर थोपटलं, तोंडात फुंकलं, पण ती रडलीच नाही. केस होते तिला. काळे, ओले. आईनं रविवारच्या टेबलावरचा चांगला कापडी रुमाल काढून तिला गुंडाळलं. सुताराला बोलवायचं म्हणजे गावभर बोभाटा. बाबा स्वयंपाकघरात गेले, कपाटाचा खालचा खण ओढला, त्यातले चमचे टेबलावर ओतले. तो चमच्यांचा आवाज मी वरच्या खोलीतून ऐकला.

मी खिडकीत उभी होते. आई म्हणाली, “भिंतीच्या आत न्या तिला, आजीशेजारी.” बाबा म्हणाले, “आत नाव असलेली माणसं आहेत.” आणि ते कबुतरखान्यामागे गेले. ज्या घराण्याच्या मेलेल्यांना लोकांनी कुंपणाबाहेर ठेवलं, त्याच घराण्यानं आपलं पोर कुंपणाबाहेर ठेवलं! दर रविवारी प्रार्थनेत पूर्वजांचे हाल ऐकताना हे माझ्या मनात येई आणि वाटे, उठून ओरडावं. नाही ओरडले. सुरू लावायची सोय नव्हती, लोकांनी लगेच मोजला असता. म्हणून अक्रोड लावला. अक्रोड कोण मोजतो? दर नाताळाला तुला जी पिशवी पाठवते ती त्याच झाडाची.

बाबांना मी माफ केलेलं नाही. पण त्यांच्या दफनाच्या दिवशी तू कुरकुरला होतास, “मधे एवढी ऐसपैस जागा असताना यांना कोपराच कसा सुचला, भिंतीला नाक लावून?” ती जागा त्यांनी स्वतः आखून ठेवली होती. भिंतीच्या पलीकडे सहा पावलांवर अक्रोड आहे. मी मोजलीत. तुला तेव्हा सांगणार होते, तेवढ्यात पाव वाटायची वेळ झाली.

काल शनिवार असूनही गातिनोंच्या दारात जाऊन उभी राहिले. वाटेत वाक्य पाठ केलं होतं. त्यांनी दार उघडलं आणि मी विचारलं, “तुमच्या आईचा गुडघा कसा आहे?” गुडघा! अर्धा तास गुडघ्यावर बोलून परत आले. तुला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा छपराचंच बोलले. तोंडानं होत नाही माझ्याच्यानं. हातानं होतंय, म्हणून हे लिहितेय, आणि आता जे मागते ते नाही म्हणू नकोस. तू मला देणं लागतोस म्हणून नाही, मीच तुझं एका थपडेचं देणं लागते. चौदा तारखेला लिओंहून पहाटेची गाडी पकड. सही करण्याआधी गातिनो खरेदीखत मोठ्यानं वाचतील आणि विचारतील, थडगी किती? मला वाचा फुटणार नाही, मी मला ओळखते. मी तुझ्या शेजारी बसेन, पेन हातात धरून. तू म्हण, बारा. ते म्हणतील, नोंदीत अकराच आहेत. वान्देपुतबाई तुझ्याकडे बघेल. कुणीतरी विचारेल, तिथं कोण आहे म्हणून. माझ्याकडे बघू नकोस. म्हण, माझी भाची आहे.

तुझीच,
ज्युदित