दोन नंबरच्या पंपाचा शाफ्ट

१७ मार्च
सकाळी ११ ला लाइट गेली, तेव्हा कुठे पंप २ ला हात लावायला मिळाला. चार दिवसांपासून आवाज बरा नाही. गोमाजीकाका बेअरिंगवर तळहात ठेवून म्हणाले, "मिस्त्री, हा कण्हून राहिला." नदीवरची ही उपसा सिंचन योजना सुरू झाली तेव्हापासून काका या पंपहाऊसवर आहेत. हातानेच ओळखतात. पण वर कळवायला हात चालत नाही, आकडा लागतो.
प्राचीने नागपूरहून पाठवलेला डिजिटल डायल आज पहिल्यांदा खऱ्या कामाला लावला. जुन्या डायलच्या रेघा मला चष्म्यातूनही धड दिसत नाहीत, हे पोरीने दिवाळीत पाहिलं होतं. चुंबकाचा स्टँड बेअरिंगच्या घरावर बसवला, डायलचं टोक शाफ्टवर टेकवलं, शून्य केलं. काकांनी मोटर आणि पंप जोडणारं कपलिंग हाताने हळूहळू फिरवलं. पूर्ण फेऱ्यात टोक ०.०७ मिमी वरखाली. चालते ०.०५ पर्यंत.
म्हणजे शाफ्ट वाकडा. एका केसाएवढा.
"केसानं काय होते जी?" काका.
मिनिटाला साडेचौदाशे फेरे. म्हटलं, होते.

१९ मार्च
वाटलं चूक माझीच असेल. स्टँड हलला असेल, शाफ्टवर गंज असेल. पॉलिश पेपरने घासून, पुसून तीनदा घेतलं. ०.०७, ०.०८, ०.०७.
मॅडमला फोन केला. आमच्या इंजिनीअर, प्राचीपेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठ्या असतील. "मेश्रामजी, लेखी द्या, मी पुढे पाठवते." दिलं.
एक नंबरचा पंप नुसता सांगाडा आहे. त्याचा शाफ्ट मागच्या साली काढून आपणच या दोन नंबरला लावला. म्हणजे हा गेला की नदी समोर आणि पाणी नाही.

२३ मार्च
रीडिंग ०.०९.
जेवायला घरी गेलो तर शेवंताताई, माझी थोरली बहीण, आलेली. तिची धानाची बांधी कालव्याच्या अगदी शेवटी. पाणी तिच्यापर्यंत सगळ्यात मागून पोचते, बंद मात्र तिचंच आधी होते. "यंदा बराबर येऊन राहिलं राजू. धान गर्भात हाय. आता असंच राहू दे." वांग्याची भाजी आणली होती. मी पंपाचं काही बोललो नाही. रंजना माझ्या तोंडाकडे पाहत होती. बायको आहे, तिला कळते.

२६ मार्च
आज पाच मिनिटं जीव हलका झाला. स्क्रीनवर ०.००४! काकांना हाक मारली, या, पहा, उतरला. ते हात पुसत आले. मग दिसलं, कोपऱ्यात इंच. बटन दबलं होतं कधीतरी. मिमी वर आणलं. ०.१०.
काका तंबाखूचा खर्रा घोटत बसले.

२८ मार्च
नुसता वाकडा शाफ्ट दर दोन दिवसांनी जास्त वाकडा होत नाही. आत काहीतरी सुटून राहिलं.
काकांनी जुनी रीत सांगितली. शाफ्टला रॉकेल लावा, कोरडं पुसा, वरून खडू घासा. कपलिंग घट्ट धरणारी लोखंडी चावी ज्या खाचेत बसते, तिथे केलं. दहा मिनिटं वाट पाहिली. पांढऱ्यावर ओली रेघ उमटली. खाचेच्या कोपऱ्यातून निघून जवळपास पाव घेरा. भेग.
फोटो काढून मॅडमला पाठवला. अशा शाफ्टला वेल्डिंग केलं तर शेजारी दुसरी भेग. नाही.

३० मार्च
मॅडम आल्या. खाली बसून रेघ पाहिली, मग स्वतः डायल लावून घेतला. ०.१३. हातात कापड होतं, तेच घडी करत राहिल्या.
"तुटला तर?"
"कपलिंगचा तुकडा भिंतीपर्यंत जाईल. मधात कोणी असला..."
"नवा शाफ्ट यायला दीड महिना सांगतात. धानाला पाणी अजून किती दिवस?"
"पंचवीस धरा."
फोन घेऊन बाहेर गेल्या, बराच वेळ बोलत होत्या. आल्या तेव्हा चेहरा उतरलेला. "साहेब म्हणतात, लक्ष ठेवून चालवा. हंगाम निघू द्या."
"लेखी देतील?"
"नाही." मग हळू आवाजात, "मी देऊ का, मेश्रामजी? माझी सही चालेल तुम्हाला?"
नोकरीला तिसरं साल आहे तिचं. उद्या काही झालं तर पहिली तीच जाईल. म्हटलं, राहू द्या मॅडम.

१ एप्रिल
०.१६. बंद केला. कोणाला विचारलं नाही. लॉगबुकात कारण लिहिलं, सही केली, फ्यूज काढून खिशात ठेवले.
काका म्हणाले, "चांगलं केलं." मग दाराला कडी घालत, "आता लोक येतीन."

३ एप्रिल
आले. पंचवीस-तीस जण, सकाळी सकाळी.
मी डायल लावून दाखवला. एकाने तो हातात घेऊन उलटापालटा केला. "हे त मोबाइलसारखंच हाय. चूक बी दाखवत असन." खडूची रेघ दाखवली. "एवढ्याशा रेघेसाठी?" कोणी म्हणे पैसे खाल्ले, कोणी म्हणे वरून दबाव आहे. मी बोलत राहिलो, ते ओरडत राहिले. एक म्हातारा मात्र गुडघ्यावर बसून रेघेवर बोट फिरवत होता. म्हणाला, "मिस्त्री खरं बोलून राहिला. पण मंग आमी काय करू, ते बी सांग."
मी डायल काढून पेटीत ठेवला.
सगळे गेल्यावर ताई दिसली. भिंतीला टेकून उभी होती, केव्हाची कोण जाणे. "राजू, मले मशीनचं नाही समजत. धान निसवून राहिला, लोंब्या बाहेर पडून राहिल्या. तू थांब म्हणशील त मी थांबतो. कोणाले काही बोलणार नाही. फक्त सांग, थांबू का?"
ओरडली असती तर बरं झालं असतं.

४ एप्रिल
चालू केला.
व्हॉल्व्ह अर्धाच उघडला, भार कमी राहावा म्हणून. कपलिंगच्या चारही बाजूंनी वाळूची पोती रचली, वर जाड पत्रा ठेवला. काकांना सांगितलं, चालू असताना जवळ यायचं नाही. मॅडमलाही कळवलं. "बरं," म्हणाल्या.

६ एप्रिल
०.१९. अर्ध्या व्हॉल्व्हचं पाणी ताईच्या बांधीपर्यंत जातच नाही. मधातल्या मधात जिरते. ज्यांनी शिव्या दिल्या त्यांच्या बांध्या भरल्या, आणि जी थांबतो म्हणाली तिची कोरडी. हे मला आधी सुचायला पाहिजे होतं.
दुपारी आत गेलो तर काका पोत्यांवरून वाकून बेअरिंगवर हात ठेवून उभे. पंप चालू. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो. हात धरून बाहेर ओढलं.
"मंग मले कसं समजन, कसा हाय त्याले?"
बापाच्या वयाचा माणूस. तोंड फिरवून उभा राहिला. मी माफीही मागितली नाही.

८ एप्रिल
०.२४.
मॅडमचा फोन. एका बंद पडलेल्या योजनेवर जुना शाफ्ट पडलेला सापडला. दोन तास बरं वाटलं. मग माप पाठवलं त्यांनी. आपल्यापेक्षा आठ मिमी बारीक, बेअरिंगमध्ये बसणार नाही. "मी अजून शोधते," म्हणाल्या. आवाज रडवेला होता की लाइन खराब होती, कळलं नाही.
रंजना सांगत होती, ताईच्या बांधीत भेगा पडल्या. लोंबी अर्धी बाहेर येऊन अडकली आहे. ताई स्वतःहून फोन करत नाही.

१० एप्रिल
०.२७ सकाळी.
व्हॉल्व्ह पूर्ण उघडून सलग चालला तर संध्याकाळपर्यंत पाणी शेवटपर्यंत जाते. एक भरपूर पाणी मिळालं तर ताईचा धान वाचते. पूर्ण भारावर हा शाफ्ट संध्याकाळपर्यंत टिकेल का, ते डायल सांगत नाही. डायल फक्त सांगते की आज कालपेक्षा वाईट आहे. बरोबर किती वाईट, तेवढंच.
रंजनाला सांगितलं नाही. काकांना सांगितलं. ते म्हणाले, "मी बी थांबतो इथं." म्हटलं, नाही, तुम्ही कालव्यावर जा, पाणी कुठवर गेलं ते कळवत राहा. खूप वेळ तयार होईनात. शेवटी सायकल काढली. मुख्य स्विच आतच आहे, काही झालं तर पाडायला कोणीतरी पाहिजे. म्हणून मी.
११:४० ला व्हॉल्व्ह पूर्ण उघडला.
स्विचच्या कोपऱ्यात बसून लिहून राहिलो. काहीतरी करायला पाहिजे म्हणून लिहितो.
१२:५५. काकांचा फोन, पाणी शाळेच्या मोरीला लागलं.
२:१०. पिंपळाजवळ कोणीतरी पाट फोडून आपल्या बांधीत घेतला होता. काका भांडून बंद करून राहिले. फोनमध्ये आरडाओरडा ऐकू येत होता.
२:५०. आवाज बदलला वाटते. उठून स्विचला हात लावला. ऐकलं. नाही, तोच आहे. बसलो.
३:१५. पाणी ताईच्या बांधीपासून चार बांध्या अलीकडे. ताई धुऱ्यावर, आपल्या बांधीच्या कडेला येऊन उभी आहे म्हणतात.
आवाज पुन्हा बदलला. स्विच पाडला तर पाणी ताईच्या अलीकडेच राहते. हात स्विचवर आहे. डाव्या हाताने लिहितो