अपेंडिक्स नव्हतं

प्रिय आई,

नमस्कार घे आणि निर्धास्त हो. तुझ्या नातीचं ऑपरेशन नीट झालं. डावं अंडाशय गाठीसकट काढलं, उजवं शाबूत आहे. गाठ कसली, ते रिपोर्ट आल्यावर कळेल. मी वेळेवर जेवते.

सकाळी झाडणाऱ्या मावशींनी विचारलं, "कशाचं ऑपरेशन?" मी पुटपुटले, "पोटाचं." तर तुझी तेरा वर्षांची नात अख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल असं म्हणाली, "अंडाशयाचं. आई लाजते!" तेवढ्यात शेजारच्या खाटेवरची अबोल मुलगी म्हणाली, "माझंही." आई, माझा ऊर भरून आला गं.

बाबांचा गुडघा कसा आहे?

तू शेजारीपाजारी अपेंडिक्स सांगितलंयस ना? नातीचा निरोप आहे, "आजी, खरं सांग. मी काही चोरी केलेली नाही."

तुझी,
लाजणं सोडलेली लेक