बांगडीचा ओरखडा

पिंपरी,
बुधवार, १५ फेब्रुवारी १९५६

प्रिय रंभा,

दिवाळीला माहेरी गेलीस ती गेलीसच. दोन पत्रं टाकली, एका ओळीचंही उत्तर नाही. रागावली आहेस, ठाऊक आहे. हेही चुलीत घाल, पण वाचून मग घाल.

ऊन नदीकडे कललं की मी अजून तंबूच्या कर्ण्यावर आपलं ते गाणं लावतो. दहा वर्षांपूर्वीची तबकडी, पण ती वाजल्याशिवाय सिनेमा सुरू होत नाही हे गावाला पाठ आहे. ती ऐकू आली की बायका उरलेलं पीठ झाकतात, काळेवाडीची माणसं नदी ओलांडायला पाय उचलतात. तू राहुटीतून पदराला हात पुसत यायचीस, आणि तू बायकांच्या बाजूला टेकेपर्यंत मी मशीन चालू करत नसे. लोक शिट्ट्या मारायचे. एकदा धांदलीत तुझी बांगडी तबकडीवर घासली, तेव्हापासून सुई 'येईन' या शब्दावर अडकते. तीनदा येईन, मग मी बोटाने पुढे सरकवतो. तंबूचे मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते आणि तू मात्र पोट धरून हसत होतीस.

परवा नवा सिनेमा लागला आणि काय सांगू, त्यात तेच गाणं! नायिका खिडकीत बसून गाते. आवाज दुसरा, चाल तीच, सगळं धुतल्यासारखं स्वच्छ. ती एकदाच 'येईन' म्हणून पुढे गेली, पण अख्खा तंबू तिथेच थांबला. येईन, येईन, असं पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे म्हणाले, मग खो खो हसले. मीही हसलो. बाहेर पडताना शेजारची गोजाबाई मशीनपाशी आली आणि हळूच म्हणाली, "भिमाजी, गानं ग्वाड हाय, पर ह्यात आपली रंभा न्हाई."

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. दुपारी रिळं गुंडाळताना रिकाम्या तंबूत ऊन झिरपतं, कनात हलते, आणि बायकांच्या बाजूला तुझं निळं लुगडं दिसल्यासारखं होतं. मी उठून पाहूनही येतो. दर सहा महिन्यांनी चूल मोडून दुसऱ्या गावी मांडायची, यात जन्म जाईल, असं तू म्हणायचीस. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. औषधाच्या नव्या कारखान्यातली नोकरी चालून आली, तीही तुला न विचारता नाकारली. चुकलंच माझं.

म्हणून हे लिहितो. सोमवारी तंबू चाकणला हलतोय आणि मी बरोबर जाणार नाही. कारखान्यात पुन्हा जाऊन विचारलं, एक तारखेपासून ये म्हणाले. दापोडीला खोली पाहिली आहे. चूल खिडकीशी आहे, एकदा पेटली की हलवायची नाही. रविवारी माझा शेवटचा खेळ. गाणं लावीन आणि तू टेकेपर्यंत मशीन चालू करणार नाही, लोकांना काय शिट्ट्या मारायच्या त्या मारू देत. तबकडीतली ती तीनदा म्हणते. तू एकदाच म्हण, मला पुरे.

तुझी वाट पाहणारा, तुझाच
भिमाजी