आगळातले बटाटे

३ ऑगस्ट, रवि.
श्रावण. घरात मासळी नाही, त्यामुळे सगळ्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी. दादा भात कालवतो आणि ताटाकडे नुसता बघत बसतो. मला दया आली. म्हटलं, आज प्रवासी बोटीवरचे फ्रेंच फ्राय खिलवतो, झणझणीत मसाला मारून. आठ वर्षं तळलेत, डावा हात लावला तरी होतील.
झाले. बाहेरून काळे, आतून कच्चे, आणि ताटात पडताच मान टाकलेले. शमाने (माझी पुतणी; कॉलेजात जाते, जीभ थेट आईची) एक उचलून हलवला. "काका, हो तर न्हिदलो!" निजला म्हणे.
वहिनीने एकदाच वळून बघितलं. "मोठो कुजनेर बोटीवयलो!" कुजनेर म्हणजे स्वयंपाकी, तो मी.
खरं काय ते फक्त इथे लिहितो. बोटीच्या स्वयंपाकघरात मी बटाटा कधी कापलाच नाही. गोठलेल्या कापांची पिशवी फोडायची, तेलात ओतायची, घंटी वाजली की काढायचे. आठ वर्षं तळले ते घंटीने.

५ ऑगस्ट
मडगावच्या एजंटाचा फोन. चवथ झाली की नवी बोट. "दिगू, होय की नाय तें बेगीन सांग." बघतो म्हटलं.
नाही जायचं मला. हे आज पहिल्यांदा लिहिलं. आठ चवथी पाण्यावर गेल्या. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी फोनच्या काचेतून बघायची आणि मग परक्यांच्या बशा उचलायच्या. पुरे.
डोक्यात आहे ते असं: आमचं घर पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पुढच्या सोप्यावर भाताची जुनी पेटी सोडली तर काही नाही. तिथे कढई मांडायची आणि फ्राय विकायचे. संध्याकाळी आमच्या आमोणे गावातली सगळी पोरं त्याच रस्त्याने.
दादाला विचारलं. "तिका विचार." हे ठाऊकच होतं. वहिनीला विचारलं. ती भाजी चिरत होती, हात थांबला नाही. "तूं सोयरो. आयज आसा, फाल्यां बोटीर. मागीर हांव तुजी कायल घांसत बसूं?"
सोयरा. माझ्याच घरात पाहुणा. लागलं मनाला. जेवलो मात्र.

८ ऑगस्ट
प्रयोग २ – रवा लावून, माशाला लावतो तसा. रवा कढईत राहिला, बटाटा ताटात आला, दोघांची फारकत.
प्रयोग ३ – आधी उकडून घेतले. लगदा. दादाने त्यालाच फोडणी दिली आणि भाजी म्हणून चवीने खाल्ली. तोंडभरून कौतुकही केलं. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

१२ ऑगस्ट, मंगळ
आज सगळं क्रमाने लिहितो. सावकाश.
सकाळी कापं करून पाण्यात घातली. तेवढ्यात नारळ काढायला पाडेली आला, म्हणून बाहेर गेलो. परत येतो तर भांड्यातलं पाणी लाल! वहिनीने येता-जाता त्यात मीठ टाकलेलं आणि वर आगळ, म्हणजे आमसुलाचा खारट रस, ओतलेलं. माशाच्या तुकड्यांना लावते तसं, न बघता.
ओरडलोच. "वयनी, इसवण न्हय तो, बटाटो!"
ती आपल्या हाताकडे बघत राहिली. मग हसायला लागली ती थांबेना. "इतले दीस नुस्तें ना. हाताक कोण सांगतलो?" घरात मासळी बंद आहे हे हाताला ठाऊकच नाही.
फेकायला निघालो. पण वहिनीच्या राज्यात काही फेकत नाहीत. तेव्हा रागारागाने तसेच उकळत ठेवले, त्याच आंबट पाण्यात. म्हटलं, होऊ दे लगदा, दादाची भाजी आहेच.
लगदा झाला नाही. शिजले, सुरी आरपार जात होती, आणि एकही काप मोडलं नाही! आमसुलाच्या आंबटाने बटाट्याला काय केलं ते तो बटाटाच जाणे. तुवालावर पसरून कोरडे केले. मंद तेलात एकदा तळले, गार केले, मग कडकडीत तेलात दुसऱ्यांदा. रोवळीत काढून हलवले.
खडखड वाजले.
शमा अभ्यास टाकून धावत आली. "काका, परत हालय!" परत हलवले. परत वाजले. चावल्यावर कुर्रऽऽ, आत मऊ, वर जराशी आंबट झाक. मी नाचलो. या वयात, रांदचे कुडीत, चुलीपुढे, झारा हातात घेऊन. बोटीवरच्या सगळ्या पिशव्या यापुढे पाणी भरतील.

१३ ऑगस्ट
श्रेयावरून भांडण. वहिनी सगळ्यांना सांगते, "म्हज्या हातान जालें." मी म्हणतो उकळायचं कोणी ठरवलं? दादा म्हणाला, दोघांनी भांडा, पण भांडताना तळत राहा.

१७ ऑगस्ट
मसाला. चवथीच्या जेवणात बसवायचा तर कांदा-लसूण बाद. सुकी तांबडी मिरसांग, मिरी, हिंग, आणि बी काढून तिरफळाची साल. पहिल्या खेपेस तिरफळ हातून जास्त पडलं. सगळ्यांच्या जिभा बधिर. दादा: "म्हजी जीब खंय गेली?" दुसऱ्या खेपेस अर्धं केलं. वरून तांदळाचं पीठ, अगदी भुरभुरवून. जमलं! शेजारीण जनेलातून डोकावून विचारते, श्रावणात काय तळता गो? तोंड भरलेलं असल्यामुळे वहिनीने उत्तर दिलं नाही.

२० ऑगस्ट
धीर करून वहिनीला म्हटलं, चवथीला देवाच्या पानावर घालूया.
तिने हातातली पळी खाली ठेवली. खतखतें, मुगागाठी, नेवऱ्या, तिच्या सासूने वाढलं तेवढंच ती वाढते. इतक्या वर्षांत पानात एक पदार्थ वाढला नाही की कमी झाला नाही. शेवटी म्हणाली, "बरें जाल्यार पळोवंया. पूण नैवेद्या आदीं चाखूंक मेळचें ना."
न चाखता! मी तर दर घाण्याला दोन तोंडात टाकणारा. मीठ कळणार कसं?
आजपासून सराव. तळायचं मी, चाखायचं शमाने. मी तोंड मिटून फक्त कान लावायचा. आज तीनदा खारट. मीठ आगळात असतंच, आणि मी वरून परत मारतो. एजंटाचा फोन आला होता. कढईवर होतो, घेतला नाही.

२७ ऑगस्ट, बुध. चवथ
आंघोळ करून पहाटेच कढईपाशी. घर भरलेलं, माटोळी झकास. माटोळीला दुधी मी बांधला, आठ वर्षांनी.
दुसरं तळण आरतीच्या जरा आधी. मसाला भुरभुरला. मिठाची चिमूट हातात घेतली आणि तशीच धरून उभा राहिलो. मागे वहिनी. मीठ आगळातच आहे हे तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे मलाही.  मी मीठ परत डब्यात टाकलं.
मग तिने माझ्या हातातली रोवळी घेतली. कानाशी नेऊन हलवली. खडखड. परत एकदा हलवली आणि तशीच देवाच्या खोलीत गेली.
डोकावून बघितलं. केळीच्या पानावर, खतखत्याच्या शेजारी, माझे बटाटे! गणपतीपुढे! डोळे भरून आले. धुरामुळे म्हणायला चुलीवर धूरही नव्हता.
पंगतीत दुसऱ्यांदा वाढायला उरले नाहीत. मीठ बरोब्बर. डिचोलीचे भावजी, जे कधी कशाला बरं म्हणत नाहीत, त्यांनी विचारलं, "हें खंयच्या हॉटेलांतलें?" वहिनी म्हणाली, "घरचें. आमच्या दिगून केलां."
आमच्या.

२९ ऑगस्ट, शुक्र
गणपती काल पोचवला. घर रिकामं, गळा बसलेला.
वहिनी मोठी कढई घासत होती. स्वतः. मी घेतो म्हटलं तर दिली नाही. घासता घासता, माझ्याकडे न बघता: "फुडले चवथीक बटाटे चड जाय. कोण सोलतलो?"
पुढच्या चवथीचे जास्तीचे बटाटे! मी पाण्याचा तांब्या पुढे केला. 
सोप्यावरची भाताची पेटी सकाळपासून जाग्यावर नाही. तिने आणि दादाने आत नेली. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणे "झाडूंक." झाडून दुपारीच झालं. पेटी अजून बाहेर आलेली नाही.
एजंटाचा फोन वाजतो आहे. आज त्याला 'नाही' सांगायलाच हवं. शमा म्हणते, आधी बटाटे सोल.