पालखीपुढचा पट्टा

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

विजयदुर्गाजवळून, माघ वद्य, सन १९५८

चि. भाई यास गंगारामाचे आशीर्वाद. तुझी आणि सौ. सत्यवतीची तब्येत ठीक असेल, मुंबईचं पाणी मानवत असेल, असं धरून चालतो. तुझी ताई नर्मदा खुशाल आहे. मीही खुशालच, फक्त उजवं मनगट सुजलं आहे, म्हणून सांगतो मी आणि लिहिते तुझी भाची सुगंधा. (न पटलेलं वाक्य लिहिताना ती टाक आपटते. डाग पडले तर समजून घे.)

त्याचं असं झालं. परशुरामाचा बाबली गोदीतल्या नोकरीत बॉक्सिंग शिकून आला. आल्यापासून काजूच्या झाडाला तुसाचं पोतं टांगून ठोसे मारतो. पोतं उलट मारत नाही, हे त्याला कोणी सांगायचं? माझ्या आखाड्यातली पोरं एकेक करून त्या पोत्याकडे गेली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. शिमग्याच्या पालखीपुढे पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच घरचा दांडपट्टा फिरत आलाय. त्यात बाबली चारचौघांत म्हणाला, "काकानू, पट्टो बघूक बरो दिसता, पण मारामारीत त्येचो उपयोग काय?" तेव्हा मीच म्हटलं, ये देवळासमोर.

पोराचं डोकं फुटू नये म्हणून मी लाकडी पट्टा घेतला. आता विद्या म्हटली की मुजरा आला. आधी देव, मग चार दिशा, मग मानकरी, मग गुरू. शत्रूने तोवर थांबायचं, अशी रीत आहे. (न थांबला तर काय, हे गुरूंनी सांगितलं नव्हतं. त्यांच्यावर कोणी चालून आलंच नाही.) बाबली बिचारा मुठी वळून थांबला होता. मी एका दिशेला वाकलो असताना तुझी ताई माझ्या काळजीने देवळात गेली आणि तिने घंटा वाजवली. बॉक्सिंगमध्ये घंटा झाली की मारायचं असतं म्हणे. ठोसा बरगडीत बसला, मी पट्ट्यासकट उजव्या मनगटावर आडवा. घाबरून तिने पुन्हा घंटा वाजवली, तसा फेरी संपली म्हणून बाबली मुकाट कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. ती तिसऱ्यांदा हात वर करते आहे असं दिसलं, तेव्हा मी पडल्या पडल्याच ओरडलो, "नर्मदे, पुरे गो."

तेव्हा निकाल लागलाच नाही, असं माझं मत आहे. (इथे टाक आपटला.)

शिमगा तोंडावर आलाय आणि तोवर मनगट बरं व्हायचं नाही, असं वैद्य म्हणतो. पालखी पट्ट्याशिवाय निघालेली मला बघवणार नाही, भाई. तुला मी पट्टा शिकवलाय. रजा काढून ये.

तुझा,
गंगाराम

ता. क. येताना दुखण्यावरचा मलम आण. बाबली रोज येऊन मनगटाला तेल चोळतो, पण घरभर वास सुटण्यापलीकडे गुण नाही. हाकललं तरी जात नाही. आल्यावर आधी पट्ट्याच्या पाया पडतो, ढोंगी कुठला.

आणखी ता. क. मामानू, बाबा जेवूक गेले, ह्या आता माजा लिवणा. बाबली रोज म्हणता, काकानू, माका पट्टो शिकवा. बाबा म्हणतत, माजो भाई येतलो. तुमी इलास तर ते त्येका शिकवूचे नाय, आणि तुमच्यामागसून पट्टो धरूक कोणच नाय. मनगट सुजला तरी तोंडान शिकवूक येता. त्येना परत गोदीत जाव नये, असा माका पण वाटता. म्हणान रजा मिळाली, तरी मिळाक नाय असा कळवा.

तुमची सुगंधा