कडा घासलेली खापरं

प्रिय वासुदेव,

परवा सुनेत्रावहिनींचा फोन आला. त्याबद्दल शेवटी लिहितो. आधी थोडं मागचं काढू दे.

एर्लांगेनच्या मराठी मंडळासमोर अथेन्सच्या लोकशाहीवर बोल, हा आग्रह तुझाच. वार्षिक सभेआधी व्याख्यान ठेवलं की लोक वेळेवर येतील, म्हणालास. बारा वर्षं अध्यक्ष असून मला तेवढंच जमलं नव्हतं, म्हणून विरघळलो. राजे गेले, सरदारांचा तोरा उतरला, कुंभार-नावाड्यांनाही मत मिळालं, इथपर्यंत सगळे जागे होते. मग तो खेळ. अथेन्सवाले डोईजड माणसाचं नाव खापरावर लिहीत. ज्याची खापरं जास्त, तो दहा वर्षं शहराबाहेर. आपणही प्रत्येकानं एकेका खापरावर एक नाव लिहायचं ठरवलं. बाउमार्क्टच्या बागकाम विभागातून कुंड्या आणून मीच फोडल्या. पिशवी आदल्या दिवशी तू घरी नेलीस. "कडा घासून आणतो, पोरांचे हात कापतील," म्हणालास. मला तुझं कौतुक वाटलं होतं रे.

एकोणतीस खापरांवर माझं नाव निघालं. सगळे हसले, सगळ्यात मोठ्यानं मी. मग वार्षिक सभेत मंडळाच्या सुधाताई म्हणाल्या, निकाल तर आधीच लागलाय दिनकरराव. हात वर झाले आणि अध्यक्ष तू झालास.

खापरं मी बाल्कनीतल्या कुंड्यांच्या तळाशी घालायला आणली. नळाखाली धुताना दिसलं, एकोणीस खापरांवर एकाच हाताचं अक्षर. आधी पट्टीनं आखलेली रेघ, मग तिला टांगलेली अक्षरं. तुझ्या या ड्रॉइंगबोर्डी अक्षराला मी वीस वर्षं हसतोय. हॉलमध्ये माणसं बावीस आणि खापरं एक्केचाळीस. इंजिनिअर असून हिशेब कच्चा ठेवलास. अथेन्सच्या एका विहिरीतही एकाच पुढाऱ्याच्या नावाची जवळजवळ दोनशे खापरं सापडली, मोजक्याच हातांनी लिहिलेली. तेव्हा परंपरा थोर आहे. उरलेल्या दहांचं मला दुःख नाही, ती खरी होती. कडा मात्र तू खरंच घासल्या होत्यास, एकूण एक. तेच जास्त लागतं.

आता वहिनींचा फोन. तुमच्या ऊर्जाला लग्न मंत्रांनीच हवंय आणि ते दिनकरकाकांनीच लावायचं, असं त्या म्हणाल्या. मागून तुझं खोकणं ऐकू येत होतं. परचक्र आल्यावर अथेन्सनंही हद्दपारांना मुदतीआधी बोलावलं होतं. मी येईन, पोरीला ॐ काढायला मीच शिकवलंय. सोबत एक कोरं खापर पाठवतोय. अथेन्समध्ये कारण द्यावं लागत नसे. तू दे. याच्यावर लिही, आणि स्वतः घेऊन ये.

अजून तरी तुझाच,
दिनकर