चौदा नंबरचा चष्मा आणि दादाची हाक

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (चष्मा काढून, बाजूला ठेवून नमस्कार घातला आहे. मागच्या साष्टांगात डावी काच गेली होती.) तुझा गुडघा कसा आहे, वहिनींचा खोकला थांबला का, हे विचारण्याचा अधिकार मला उरला आहे की नाही याची शंका आहे; तरी विचारतो. इकडे सगळे बरे, म्हणजे बायको बरी. मी दोन महिने बरा नाही, कारण दोन महिने तू माझ्याशी बोललेला नाहीस.

तुझी तक्रार वहिनींकडून कळली. औषधाच्या दुकानासमोर तू मला "अरे धाकट्या" म्हणून दोनदा हाक मारलीस आणि मी चार पावलांवरून तुझ्याकडे बघून, तोंड फिरवून चालता झालो. दादा, मला हे अजिबात आठवत नाही. पण आठवत नाही म्हणजे घडलंच नाही, असं म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. माझा नंबर चौदा, तुझा अकरा. न दिसणं काय असतं ते तुला मी सांगायला नको. (तू रस्त्यात चष्मा खिशात ठेवतोस. वहिनींच्या माहेरचं कोणी भेटलं तर म्हातारा दिसू नये म्हणून. असो.) पण खापर डोळ्यांवर फोडावं तर हाक ऐकायला कान होते. कान तर शाबूत आहेत. मग दोष कुठे? चार रात्री या प्रश्नाने झोप नाही.

अशात डोळ्यांच्या दवाखान्यात एक कागद चिकटवलेला दिसला (नाक टेकवल्यावर). फार मोठा नंबर असलेल्या लोकांच्या मेंदूतले निरनिराळे भाग एकमेकांशी वेगळ्या तऱ्हेने जोडलेले असतात का, हे एका संशोधक बाईंना तपासायचं होतं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोष डोळ्यांत नाही, कानांत नाही, मनात तर नाहीच नाही. म्हणजे तो आतल्या जोडणीत! तसं लेखी प्रमाणपत्र मिळालं की तुला पाठवून मोकळा होणार होतो. हेतू शुद्ध नव्हता, हे मान्य.

नाव नोंदवून त्या बाईंकडे गेलो. गेल्या गेल्या चष्मा काढून घेतला, कारण मेंदूचा फोटो काढणाऱ्या मशीनमध्ये धातू चालत नाही. मग मी प्रमाणपत्राची विनंती अत्यंत अदबीने, सविस्तर, तुझ्या रागाच्या वर्णनासकट केली. उत्तर येईना. मागून बाई म्हणाल्या, "काका, मी इकडे. तो माझा अ‍ॅप्रन आहे, खुंटीवरचा." नंतर मला एका बोगद्यात सरकवलं आणि सांगितलं, की डोळे मिटून पडून राहा, मुद्दाम कसलाही विचार करू नका. दादा, असं सांगितल्यावर माणूस दुसरं काय करणार? मशीन ठाणठाण वाजत होतं आणि मी पहिल्यापासून शेवटपर्यंत तुझा विचार करत होतो. बाहेर आल्यावर राहवेना. बाईंना कबूल केलं, की या फोटोत माझा मोठा भाऊ आला असण्याची शक्यता आहे, हवा तर रद्द करा. त्या म्हणाल्या, "प्रत्येकाच्या फोटोत कोणी ना कोणी असतंच. राहू द्या."

मग मी मुद्द्याला आलो. त्या म्हणाल्या, की जास्त नंबरवाल्यांत बघण्याचा भाग आणि लक्ष देण्याचा किंवा भावनांचा भाग यांच्यातला संवाद काही ठिकाणी कमी, काही ठिकाणी जास्त आढळतो. (म्हणजे आपलं घरच की!) मी टाळी वाजवणार, तेवढ्यात त्यांनी पाणी ओतलं. हे पुष्कळ लोकांची सरासरी काढल्यावर दिसतं, तुमच्या एकट्याबद्दल काहीच सांगता येत नाही. आणि डोळ्यांमुळे मेंदू बदलला, मेंदूमुळे डोळे, की तिसऱ्याच कशामुळे दोन्ही, तेही ठाऊक नाही. "मग एवढ्या मोठ्या मशीनचा उपयोग काय?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "आपल्याला काय माहीत नाही, ते नीट कळतं."

तेव्हा प्रमाणपत्र नाही. सबब नाही. तोंड फिरवलं असेल तर चुकलो, क्षमा कर.

तुझा,
धाकटा

ता. क. पाकिटावर घालायला पिनकोड हवा म्हणून वहिनींना फोन केला. हाकेचा विषय निघाला. त्या म्हणाल्या, "त्याच दिवशी आमचं धुण्याचं मशीन फुटलं, घरभर पाणी, आणि त्यात हे तणतणत आले." दुरुस्तीही त्याच दिवशी झाली, आणि पावतीवर सतरा तारीख आहे, असं त्यांनीच बघून सांगितलं. मी डायरी काढली. त्याच सतरा तारखेला मी लिहिलं आहे: "सकाळी दाढ काढली. गाल भोपळ्याएवढा. दिवसभर अंथरुणात." डायरी चुकू शकते, असं मनात आलं, पण दाढ जागेवर नाही, हे जिभेने आत्ताच तपासलं. दादा, चष्मा खिशात ठेवून तू कोणाला हाक मारलीस? तो बिचारा चार पावलांवरून बघून गेला, कारण त्याला मोठा भाऊच नसेल.

आणखी ता. क. वर मागितलेली क्षमा मागे घेत नाही, राहू दे तुझ्याकडे; पुढे कधीतरी उपयोगी पडेल. खरं काम वेगळंच आहे. बाईंना मोठा नंबर असलेले सख्खे भाऊ हवे आहेत, जोडीने. गुरुवारी दहा वाजता ये. चष्मे दोघांचेही काढून घेतील आणि बाहेरच्या बाकावर बसवतील. तेव्हा एकदा हाक मार, मी ओ देईन. दोनदा मारूनही ओ आली नाही, तर रागावून घरी जाऊ नकोस. जरा सरकून पलीकडच्याला हाक मार.